चौथ्या खेपेची केबल

तिसरी केबलही बसली नाही तेव्हा दस्तगीर मिस्त्री गाडीखालून बाहेर आला नाही. नुसता त्याचा काळाकुट्ट हात बाहेर आला आणि हातातली केबल फुफाट्यात पडली.

"वैनी, ही बी आपली न्हवं," गाडीच्या पोटातून आवाज आला. "पयली लांब, दुसरी आखूड, हिच्या टोकाचा आकडाच बारीक. आता चौथी आणाल ती बैलगाडीची असंल."

आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हळहळून मान हलवली. दुकानदारच बेरकी आहे, खपेल तो माल गळ्यात मारतो, असं म्हणून त्यांनी शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. कपाळावर घाम नव्हता. अशा गोष्टी माझ्या नजरेतून सहसा सुटत नाहीत.

त्याला कारण आमचा धंदा. लग्नाची भांडी आम्ही भाड्यानं द्यायचो. पातेली, घंगाळी, पराती, ताटं, वाट्या. माल मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा, हे काम माझ्याकडे. वर्षानुवर्षं तेच केल्यावर माणसांकडेही तसंच बघायची सवय लागते. जाताना कसा होता, येताना कसा आहे, आणि पोचा नक्की कुठं आलाय.

गाव आजऱ्याच्या बाजूचं, डोंगराच्या कुशीतलं. सपाट जागा म्हणून एक शाळेचं पटांगण तेवढं. बाकी ज्याच्या घरी लग्न असेल त्याचं घर हटकून चढावर. आणि आमची पिकअप जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिच्या हँडब्रेकची केबल आम्ही घेतली त्याच वर्षी तुटली होती. दांडा मात्र जागेवर होता. तो वर ओढला काय, खाली सोडला काय, गाडीला त्याची खबर लागत नसे. मी त्याला माझी पिशवी अडकवायची. सोयीचा होता.

मग चढावर गाडी थांबायची कशी, तर आप्पांच्या जिवावर. आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पिकअपमध्ये दाराकडची जागा त्यांची, आणि पायाशी पोत्यात गुंडाळलेला एक काळा दगड, एका बाजूनं उतरता, जणू चाकासाठीच घडवलेला. त्याचं नाव कंट्रोलर. एसटी स्टँडवर कंट्रोलरनं सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणून. जयवंतराव, म्हणजे माझे यजमान, चढावर पायानं ब्रेक दाबून बसत. आप्पा खाली उतरत, कंट्रोलर मागच्या चाकाला लावत आणि पत्र्यावर एक टोला देत. सिंगल बेल. म्हणजे दगड बसला, पाय काढ. निघताना दगड उचलून दोन टोले. डबल बेल. म्हणजे चल. मागं भांड्यांवर बसलेल्या गड्यांना त्या दगडाला हात लावायची मुभा नव्हती. एकदा एकानं लावला, तर आप्पांनी त्याला विचारलं, "कंडक्टरचा बिल्ला हाय का तुझ्याकडं?"

हे असं छान चाललं होतं. मग गेल्या हंगामाच्या शेवटच्या लग्नात आप्पा दगड लावायला वाकले आणि सांडलेल्या आमटीवरून त्यांचा पाय सरकला. गुडघा सुजला. हाड शाबूत होतं, पण जयवंतराव एवढे घाबरले, की घाबरणारा माणूस ओरडतो तसे ओरडले. भर मांडवात, वऱ्हाडासमोर. "बास झालं आप्पा. आता केबल घालून घेतो. हँडब्रेक लागला की तुम्ही घरी."

आप्पा गुडघा चोळत बाजूला बसले. नवरीच्या मामानं आणून दिलेला लाडू त्यांनी परत केला. आप्पांनी लाडू परत केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पावसाळाभर गाडी छपराखाली होती. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं जवळ आली, हंगामाची बोलावणी यायला लागली. त्यात गाडीचं पासिंग सोमवारी. आधीच्या वेळी चालून गेलं होतं, पण आरटीओत आता नवे साहेब आलेले; हँडब्रेक नसेल तर पासिंग नाही. पासिंग नाही तर गाडी रस्त्यावर नाही, आणि भांडी काय डोक्यावरून न्यायची? केबल आणणं भाग होतं. ती गडहिंग्लजला मिळायची. जयवंतराव काही ना काही कामानं तिकडं जात असतच. पण केबलचा विषय निघाला की म्हणायचे, "आप्पा आणतील."

आणि आप्पा आणत होते. मला कोड्यात टाकलं ते त्यांच्या आणण्यानं.

पहिल्या खेपेला दस्तगीरनं तुटकी केबल नमुना म्हणून सोबत दिली होती. ती आप्पा एसटीत विसरून आले. आता हा माणूस आयुष्यभर लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, डबे, एकदा तर एक जिवंत कोंबडा डेपोत जमा करून पावती घेणारा. तो स्वतःची वस्तू सीटवर ठेवून उतरतो? दुसऱ्या खेपेला दस्तगीरनं मापाची सुतळी गाठ मारून दिली. आप्पा आखूड केबल घेऊन आले. सुतळी धुण्यात गेली, आटली असेल, म्हणाले. धुणं मी करते. सुतळी कधी धुण्यात आली नव्हती. तिसऱ्या खेपेला दस्तगीरनं विडीच्या पुड्यावर आकड्याचं चित्रच काढून दिलं, आणि त्याचं फळ आता फुफाट्यात पडलं होतं.

मी जयवंतरावांकडे पाहिलं. पासिंग तोंडावर आलं असताना कुणीही चिडला असता. ते गाडीच्या बॉनेटला टेकून शेंगा खात होते.

"अहो, सोमवारचं काय?" मी विचारलं.

"सोमवार यायचाय की अजून."

"चौथी खेप मी करते. आप्पांबरोबर मी जाते."

मला वाटलं होतं, नको म्हणतील, घरातली कामं सांगतील. पण ते लगेच "जा की" म्हणाले आणि उरलेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. आप्पांचा चेहरा मात्र फुकट्या प्रवाशाला चेकर दिसावा तसा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. एसटीत बसलं की आप्पांचं वय उतरतं. कंडक्टर तरुण होता. त्याचं तिकिटाचं पंचिंग आप्पांना पटलं नाही. मग त्याला पंच कसा धरायचा ते दाखवण्यात घाट सरला. तो बिचारा "हां काका, हां काका" करत राहिला. शेवटी आप्पांनी त्याला गर्दीत मागच्या दारापर्यंत जायची युक्ती सांगितली, आणि ती लागू पडली तेव्हा तो खरंच खूश झाला. गडहिंग्लज जवळ यायला लागलं तसे आप्पा गप्प होत गेले.

दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत. मालक मल्लाप्पा नावाचा, चाळिशीचा, कपाळावर विभूती. आम्हाला बघून त्यानं काही विचारलंच नाही. गल्ल्यामागून एक लांबट खोकं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि समोर ठेवलं. खोक्यावर खडूनं 'खोराटे' लिहिलेलं. म्हणजे आम्ही.

"आज तरी न्हेणार का आजोबा?" तो म्हणाला.

आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. त्यावर नुसतं एका ऑइलच्या डब्याचं चित्र होतं.

मी विचारलं, ही केबल आमच्याच गाडीची का. त्यानं सांगितलं की तुमचीच, आणि दिवाळीच्या आधीपासून इथं पडून आहे. आजोबा येतात, ही बघतात, बरोबर आहे म्हणतात, आणि दुसरीच मागून नेतात. "मी म्हणलं म्हातारं माणूस हाय, गिऱ्हाईक हाय, वाद कशाला घाला. न्हेलेल्या आणून द्या, मी घेतो परत."

"पण आमचं नाव आधीच कसं लिहिलंय हिच्यावर?"

"जयवंतराव येऊन बघून गेले की. आकडा बिकडा सगळं तपासलं. म्हणाले, ठेवा, आप्पा येतील घ्यायला."

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हणजे केबल त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. हातात घेऊन तपासली होती. ती पिशवीत टाकून आणायची सोडून त्या दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला एसटीनं धाडत होते. निरोपाचा नारळ ज्याचा त्यालाच बाजारातून आणायला लावावा, तसं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नवरा इतका कोरडा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"बांधून द्या," मी मल्लाप्पाला म्हणाले.

परतीच्या एसटीत आप्पांनी खिडकीची जागा मला दिली आणि खोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. महागाव मागं पडल्यावर म्हणाले, "जयाला सांगणार?"

"काय सांगायचंय?"

"हेच. की बाप लबाडी करतोय."

"लबाडी कसली आप्पा. दुकानदारच बेरकी हाय."

ते हसले नाहीत. खोक्याची सुतळी बोटानं सारखी करत राहिले.

"रिटायर झाल्यावर वरीसभर घरात बसलो हुतो मी," ते म्हणाले. "तू बघितलंयस. कट्ट्यावर बसायचं. रस्त्यानं गाड्या जायच्या. कोण हात करायचं, कोण न्हाई. जेवायला हाक आली की उठायचं. घरात बसलो की मी प्रवासी होतो बघ, शालन. मला प्रवासी व्हायला जमत न्हाई."

मी म्हणाले, बघू. दुसरं काय म्हणणार? पण घर येईपर्यंत मी जयवंतरावांना पटवायचे मुद्दे मनात जमवत होते. नवी केबल सुरुवातीला सैल पडते, हा एक. भांडी उतरवताना नजर ठेवायला माणूस हवा, हा दुसरा. आणि कशालाच बधले नाहीत, तर मल्लाप्पानं सांगितलेलं सगळं तोंडावर म्हणून दाखवायचं. ते मी राखून ठेवलं.

केबल अर्थातच बसली. दस्तगीरनं मागच्या चाकांचे ड्रम काढले, गंजलेल्या नटांवर रॉकेल ओतलं, तासभर गाडीला आणि तिच्या पहिल्या मालकाला शिव्या घातल्या आणि नवी केबल ओवली. मग मला दांडा ओढायला बसवलं. तो खालून नट आवळणार, मी ओढून सांगणार. माझी पिशवी काढून मी दांडा ओढला. इतकी वर्षं तो माझ्या हातात फुकट यायचा. आता टक टक करत वर आला आणि अडला. मध्येच मिस्त्रीनं हाक मारली, "आप्पा, जरा धक्का मारून बघा की." आप्पांनी मागून खांदा लावला. गाडी तसूभर हलली नाही. आप्पांनी परत लावला, मनापासून. नाहीच हलली.

"धरतोय," आप्पा म्हणाले. त्या आवाजात थोडा पोचा होता. मी टिपून ठेवला.

सोमवारी कोल्हापूरला पासिंगही झालं. साहेबांनी उतारावर गाडी थांबवून हँडब्रेक ओढायला लावला, गाडी थांबली, शिक्का बसला. आप्पा आले नव्हते. मला काय काम तिथं, म्हणाले. आम्ही घरी परतलो तेव्हा कंट्रोलर त्याच्या पोत्यात नव्हता. परसात कोंबड्यांच्या खुराड्याचं दार नीट लागत नसे, त्याला बाहेरून तो दगड टेकलेला. आप्पांनी स्वतःच नेऊन ठेवला होता. चांगला बसला होता तिथं. त्यालाही नोकरी मिळाली, असं आप्पा म्हणाले, आणि जेवणात दुसरी भाकरी नको म्हणाले.

हंगामाचं पहिलं लग्न खालच्या आळीत होतं, म्हणजे आमच्या दारापासूनच चढ-उतार सुरू. सकाळी गड्यांनी पातेली चढवली, दोर बांधले, वर जाऊन बसले. मी केबिनमध्ये माझ्या नेहमीच्या मधल्या जागेवर. माझ्या डाव्या बाजूची जागा रिकामी. आप्पा कट्ट्यावर होते. अंगात बंडी, पायात काही नाही. खेपेला निघताना घालायचा खाकी शर्ट आत खुंटीवर होता. मी मुद्दाम बघून आले होते.

जयवंतरावांनी गाडी चालू केली. मी घसा साफ केला. पहिला मुद्दा, नवी केबल सैल पडते.

पण गाडी निघालीच नाही. इंजिन धडधडत होतं, जयवंतराव दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोरच्या काचेतून सरळ बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"बेल न्हाई झाली."

मागून एका गड्यानं डोकावून विचारलं, का थांबलाय. जयवंतरावांनी हॉर्न वाजवला, एकदा, मग परत एकदा लांब. शेजारची अनसूया दारात आली. आप्पा कट्ट्यावरून उठले आणि लंगडत खिडकीशी आले. त्यांना वाटलं, गाडी बिघडली.

"काय रं? हँडब्रेक लागत न्हाई व्हय?"

"लागतोय की."

"मग?"

जयवंतराव अजूनही काचेतूनच बघत होते. मांडवात ओरडताना जो माणूस सगळ्या गावाला ऐकू गेला होता, त्याचा आवाज आता मलाही नीट येत नव्हता.

"हँडब्रेक बेल मारत न्हाई, आप्पा," ते म्हणाले. "आनि बेल झाल्याबिगर गाडी हलवायची न्हाई, असं मला ल्हानपणी शिकवलंय. तुम्हीच."

आप्पांनी अंगातल्या बंडीकडं बघितलं. मग म्हणाले, "शर्ट घालून येतो."

"सावकाश या. आनि वाकायचं न्हाई आता. दगड गडी लावतील, तुम्ही नुसतं बघायचं."

"गडी," आप्पा जाता जाता म्हणाले, "त्येंच्याकडं बिल्ला हाय का?" आणि लंगडणं विसरून आत गेले.

माझे सगळे मुद्दे माझ्याकडेच राहिले. रागही राहिला होता, तो कुठं ठेवावा ते कळेना.

"तुम्ही दुकानात जाऊन केबल बघून आला होता," मी म्हणाले.

"व्हय."

"मग तेव्हाच का नाही आणली?"

"मी आणली असती तर पयल्याच खेपेला आली असती." त्यांनी आरशात बघून केस सारखे केले. "मांडवात बोलून बसलो होतो. सगळ्यांच्या देखत. ते मागं कसं घ्यायचं ते सुचत न्हवतं. आप्पा चुकीची केबल आणत हुते तवर बरं चाललं हुतं."

"आणि पासिंग हुकलं असतं म्हणजे?"

"कशानं हुकंल? चौथ्या खेपेला तू जाणार हे ठाऊक हुतं की मला. तुझ्या नजरेतनं काय सुटतंय?"

मी इतक्या वर्षांत किती माणसं मोजली असतील. शेजारी बसून मलाही कुणी मोजत होतं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात परसातून कोंबड्यांचा कालवा ऐकू आला. खुराड्याचा दगड निघाला होता. तांबडी कोंबडी अंगणातून धावत अनसूयाच्या घरात शिरली, मागोमाग बाकीच्या, आणि त्यांच्या मधून वाट काढत आप्पा आले. खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं, कंट्रोलर पोटाशी धरलेला. अनसूया काहीतरी ओरडत होती. आप्पा तिला म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं आल्यावर धरतो," आणि दगड आपल्या जागेच्या पायाशी ठेवून गाडीचं दार उघडं ठेवलं.

मी सवयीनं पिशवी दांड्याला अडकवायला गेले. जयवंतरावांनी माझा हात बाजूला केला.

"तो आता ब्रेक हाय," ते म्हणाले.

मी पिशवी मांडीवर घेतली. त्यांनी दांडा खाली सोडला, पण पाय ब्रेकवरून काढला नाही.

आप्पा गाडीच्या मागं गेले. दोर बघितले, गड्यांना नीट बसायला सांगितलं, चाकाशी काहीच नव्हतं तरी वाकून चाक बघितलं. मग पत्र्यावर, जरा जास्तच जोरात, दोन टोले पडले.